मैदान उंच केलं त्या वर्षी

१० फेब्रुवारी १९८५, रविवार

मंडळाच्या सभेत आज पहिल्यांदा उभी राहून बोलले. सरावाला मुलींवर ओरडताना लावते तेवढाच आवाज लावला आणि सगळे गप्प बसून ऐकत होते.

विषय एकच, मैदान. मरोळला नदीच्या काठावर आमचा हा भूखंड पालिकेने खेळासाठी राखून ठेवलाय, म्हणजे कागदावर. प्रत्यक्षात ते खोलगट खाचर आहे. पूर्वी तिथे भात व्हायचा, आता कोणी लावत नाही. पावसाळ्यात मिठी नदी काठावरून सरळ आत येते, एकदोन दिवस बसते, जाते, परत येते. चिखल वाळेपर्यंत दिवाळी. तोवर आमच्या कबड्डीला सुट्टी. दुसऱ्या संघांच्या मुली बारा महिने खेळून तयार होतात आणि आमच्या डिसेंबरात दोन चढाया केल्या की धापा टाकतात. माझा गुडघा गेला नसता तर मीच अजून खेळले असते. आता शिकवायचंच आहे तर नीट शिकवेन.

विद्याधर आमचा अध्यक्ष, शाळेपासून माझ्या वर्गातला. नाक्यावर त्याचं पंखे-मिक्सर दुरुस्तीचं दुकान आहे. त्याने बातमी आणली की पवईच्या अंगाला एक टेकडी कापून कॉलनी उभी राहतेय आणि त्यांना माती-मुरूम टाकायला जागा हवीय. फुकट आणून टाकतील. मैदान पुरुषभर उंच करून घेऊ, नदीला खाली राहू दे, असं तो म्हणाला. कोणीतरी परवानगीचं विचारलं. मी म्हटलं, एवढी वर्षं इथे गाळ साचला तेव्हा कोणी परवानगी मागितली नव्हती.

हात वर झाले. माझा सगळ्यात आधी.

३ मार्च, रविवार

ट्रक सुरू झाले. सकाळी पहिला आला तेव्हा आमच्या चाळीतली म्हातारी माणसंसुद्धा बघायला उतरली. लाल मुरूम, दगड, मधेच झाडांची मुळं. धूळ एवढी की आईने दोरीवरचे कपडे शिव्या देत काढून नेले.

ट्रकांवर देखरेखीला नंदकुमार नावाचा सुपरवायझर आहे. सातारकडचा, तिशीचा असेल, कमी बोलतो. किती उंच करायचं म्हणून विचारायला माझ्याकडेच आला. मी रस्त्याच्या पातळीला हात दाखवला. त्याने थोडा वेळ नदीकडे बघितलं आणि विचारलं, पावसाचं पाणी मग कुठे जाणार. मी म्हटलं, नदीत. नदी कशाला असते.

तो हसला. चेष्टेने नाही, साधंच.

१४ एप्रिल, रविवार

आज ट्रक बंद. संध्याकाळी मिरवणूक निघाली ती मुद्दाम नव्या मैदानावरून वळवली. बाबासाहेबांचा रथ पहिल्यांदाच त्या जागी उभा राहिला, जिथे दरवर्षी बेडूक असतात. मला भरून आलं. आपण ठरवलं आणि जमीन वर आली. असं आयुष्यात किती वेळा होतं.

५ मे

मैदान झालं. वरचा थर चाळलेल्या मातीचा, पाणी मारून, शेण कालवून, मुलींनी पायांनी चोपून घट्ट केला. रेषा मीच आखल्या. पालिकेच्या कोणालाही अशा सरळ जमणार नाहीत.

पहिली चढाई चंपाला दिली. तिच्यासाठीच तर चाललंय हे सगळं. चंपा एकोणीस वर्षांची आहे आणि तिच्यासारखा पाय मी माझ्या वेळीही पाहिला नव्हता. समोरची पकड करायला वाकते न वाकते तोवर ही तिला शिवून मध्यरेषेवर. ती आणि तिची आई अंजनाबाई खालच्या चाळीत राहतात. मैदान संपलं की नदी वळते, त्या वळणावरची बैठ्या घरांची रांग, ती खालची चाळ. अंजनाबाई गोधड्या शिवते. जालन्याकडची बाई, नवरा गेल्यावर मुलीला एकटीने वाढवलं. आज ती बांधावर बसून बघत होती. माझ्याकडे बघून हात जोडले. मी म्हटलं, मावशी, जुलैत जिल्ह्याची निवड आहे, तुमची पोरगी जाणार म्हणजे जाणार.

१६ जून, रविवार

चार दिवस धुवाधार. आणि मैदान कोरडं. म्हणजे वरून ओलं, पण पाणी उभं नाही, निथळून जातं. आम्ही भर पावसात सराव केला. पलीकडच्या मंडळाचा प्रशिक्षक छत्री घेऊन बघत उभा होता, त्याचं तोंड बघण्यासारखं झालं होतं.

एक गंमत दिसली. नदी यंदा लवकर भरते. पूर्वी सकाळी पाऊस लागला तर संध्याकाळी पाणी चढायचं. आज चहाचा कप संपायच्या आत काठाला लागलं. आणि रंग गेरूसारखा लाल. पवईकडून येतं ना सगळं. वरची भातं पण गेली, तिथे आता इमारतीच इमारती, पाणी थांबणार कुठे. मी कामाला जाते त्या कारखान्यातल्या बायका सांगत होत्या की साकीनाक्याला रस्त्यावर पाणी आलं. बरं झालं आपण वेळेवर उंच करून घेतलं.

२५ जून

चंपा आज परत उशिरा आली. जांभया देत होती. दोनदा मी सांगितलेली हालचाल चुकली, तिसऱ्यांदा तर संघातल्या साध्या वनमालानेसुद्धा तिला पकडलं. सराव संपल्यावर पाय बघितले तर बोटांच्या बेचक्यांत चिखल्या, कातडी पांढरी पडून सोललेली. म्हटलं, अगं ओल्या मैदानावरून गेलीस की पाय धुऊन पुसत जा, एवढंही कळत नाही का. घरून हळद-तेल आणून लावायला लावलं. बाकीच्या कोणाला चिखल्या नाहीत. नाजूक कातडीची आहे.

रात्री झोपत नाहीस का विचारलं तर म्हणाली, शेजारचं बाळ रडतं.

४ जुलै

चंपा घरी आली होती. प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून सगळी प्रशस्तिपत्रकं आणि दोन ढाली घेऊन. म्हणाली, तुझ्याकडे ठेव, घरात जागा नाही. तिच्या घरात गेल्या महिन्यापर्यंत जागा होती, भिंतीवर ओळीने लावलेलं असायचं सगळं.

मला काय ते कळलं. अंजनाबाईने स्थळ बघितलेलं दिसतंय. बघायला येणार म्हणून घर रिकामं करून चुना मारतायत. तोंडावर विचारलं नाही पण सुनावलं, की निवडीला पंधरा दिवस आहेत, तोवर डोक्यात दुसरं काही आणायचं नाही, आणि आईलाही तसं सांग. ती खाली मान घालून उभी राहिली. हो ताई म्हणाली आणि गेली.

वाईट वाटलं. पण माझ्या वेळी मला असं कोणी दटावलं असतं तर बरं झालं असतं.

९ जुलै

नंदकुमार चाळलेल्या मातीचा अर्धा ट्रक टाकून गेला. मागितली नव्हती. म्हणाला, एका कोपऱ्यात धूप होतेय असं वाटलं. मी बघितलं, कुठेच धूप नव्हती. कामाला पक्का आहे पण नजर जरा कमी असावी. आईने चहा दिला, तो तासभर बसला.

१४ जुलै, रविवार

पत्र आलं. डिसेंबरमधली उपनगरची महिला स्पर्धा आमच्या मैदानावर होणार. कबड्डी संघटनेची माणसं मागच्या आठवड्यात बघून गेली होती, भर पावसाळ्यात एवढं टणक मैदान बघून खूश झाली. विद्याधरने दुकानाबाहेर पेढे वाटले. उपनगरातले सगळे संघ मरोळला येणार, आमच्या दारात.

चंपा सरावाला नव्हती. निरोपही नाही. संघातली उत्तरा म्हणाली, खालच्या चाळीत थोडं पाणी येतं म्हणतात. मी म्हटलं, पाऊस आहे, पाणी कोणाकडे येत नाही.

१९ जुलै

आजच लिहून ठेवते.

पहाटेपासून पाऊस कोसळत होता. पहिली पाळी संपवून साडेतीनला कारखान्यातून निघाले. रिक्षा मिळेना, चालतच आले. घरी न जाता आधी मैदान बघायला गेले. खोटं कशाला लिहू, कौतुकानेच गेले.

मैदान बेटासारखं वर दिसत होतं. एक थेंब उभा नव्हता. मी कडेला जाऊन खाली बघितलं. नदी आमच्या भरावाला येऊन धडकत होती. दरवर्षी ती इथे आत वळते, पसरते, हळू होते. आज तिला आत यायला वाटच नव्हती. लाल पाण्याचा लोंढा आमच्या मुरुमाला घासून तसाच जोरात पुढे जात होता. पुढे वळण. वळणावर खालची चाळ.

तिथे पोचले तेव्हा गल्लीत कमरेएवढं पाणी. माणसं भांडी, पोरं, गोणी डोक्यावर घेऊन रस्त्याकडे निघाली होती. चंपाच्या घराची मागची भिंत पडली होती. अंजनाबाई खाटेवर उभी करून ठेवलेली, उजवा हात विचित्र वाकलेला. पडत्या भिंतीखाली आला होता. शिवायला घेतलेल्या गोधड्या पाण्यात फुगून दाराशी अडकल्या होत्या. चंपाने आणि मी अंजनाबाईला दोघींच्या हातांची बैठक करून उचललं आणि बाहेर आणलं. तिने एकदाही हूं केलं नाही.

दवाखान्यात हाताला प्लास्टर घातलं. बाकावर बसलो होतो. चंपाच्या पायांकडे माझं लक्ष गेलं.

मी विचारलं, "कधीपासून येतंय पाणी?"

"मैदान भरलं तेव्हापासून. पहिल्या पावसापासून."

"मग बोलली का नाहीस?"

"काय बोलू ताई? तू एवढी खूश होतीस." मग म्हणाली, "आणि त्याच्यावर खेळत तर मीच होते ना."

दोघी मायलेकी आता आमच्याकडे आहेत. आईने तिची गादी अंजनाबाईला दिली.

२१ जुलै, रविवार

आज निवड होती. चंपा गेली नाही. आईला जेवू घालायला, केस बांधायला कोणीतरी लागतं. माझी आई म्हणाली होती मी करते, पण चंपाने ऐकलं नाही. मीही जास्त बोलले नाही. कुठल्या तोंडाने बोलणार.

दिवसभर स्वतःशी भांडतेय. आपल्याच मैदानाने झालं असं कशावरून? टेकडी कापली ती आम्ही नाही. वरची भातं बुजवून इमारती आम्ही नाही बांधल्या. पाणी लवकर येतं, जास्त येतं, त्यात आमचा काय हात. नदीत गाळ भरलाय, पालिका काढत नाही. एवढ्या मोठ्या नदीपुढे आमचं मैदान म्हणजे टिकली.

हे सगळं खरंच आहे. पण दोन दिवस तेच तेच घोकतेय, यावरून काय ते समजावं.

२८ जुलै, रविवार

पाऊस लागला तशी मी भरावाच्या कडेला जाऊन उभी राहिले. ठरवून गेले, की काय दिसेल ते बघायचं, आपल्याला हवं ते नाही.

नदी चढली. वर कुठेच तिला थारा नाही, दोन्ही बाजूंना भिंती आणि भराव. पवईपासून इथपर्यंत पसरायला आमचं खाचर तेवढं उरलं असणार, आणि ते आम्ही बुजवलं. समोरच्या काठाला जुनी दगडी भिंत आहे, तिकडे ती जाऊ शकत नाही. उरली खालची चाळ. घोट्याएवढं पाणी गल्लीत शिरताना मी डोळ्यांनी बघितलं. एवढ्या पावसाला तिथे पूर्वी नुसता चिखल व्हायचा. मागच्या वर्षीपर्यंत हे पाणी आमच्या मैदानात बसून असायचं आणि आम्ही त्याला शिव्या द्यायचो.

घरी आले. अंजनाबाई डाव्या हाताने लसूण सोलत होती. तिला सगळं सांगितलं, की मावशी, हे आमच्यामुळे झालं, माझ्यामुळे. ती म्हणाली, "मला ठाव हाय गं. पन तू मुद्दाम केलं न्हाईस." मग पाकळी खाली ठेवून म्हणाली, "आता ठाव झाल्यावर काय करतीस ते बघू."

४ ऑगस्ट, रविवार

सभा घेतली. मी सांगितलं, मैदान परत खाली न्यायचं, होतं तेवढं.

सगळे एकदम बोलायला लागले. विद्याधर उभा राहिला. त्याचं म्हणणं चूक नव्हतं. स्पर्धेचं पत्र हातात आहे. असा मान परत मिळणार नाही. खालच्या चाळीला मदत करू, वर्गणी काढू, भिंत बांधून देऊ. आणि मुख्य म्हणजे,

"आपण नसतं भरलं तर दुसऱ्या कोणी भरलंच असतं, शकू."

"दुसऱ्याने भरलं असतं तर त्याच्या दारात जाऊन आपण ओरडलो असतो. आता कोणाच्या दारात जाऊ?"

तो खाली बसला. मी मुलींना विचारलं. खेळणाऱ्या त्या आहेत, हात वर करायचे तर त्यांनी. वनमालाने सरळ सांगितलं की तिला वाईट वाटतंय, तिच्या सासरची माणसं डिसेंबरात बघायला येणार होती. तरी तिने हात वर केला. उत्तराने केला. एकेक करत सगळ्यांनी केला. चंपाने केला नाही. ती म्हणाली, माझ्या घरासाठी मी कसा वर करू. मग वनमालाने तिचा हात धरून वर केला.

विद्याधर उठून गेला. स्पर्धा नको म्हणून कळवायचं पत्र मलाच लिहावं लागलं.

७ ऑगस्ट

नंदकुमारला कारखान्याच्या फाटकाशी बोलावून घेतलं. सांगितलं, जी माती टाकलीस ती काढायचीय, पुरती नाही जमली तर आधी नदीकडची अर्धी. मला वाटलं वेड्यात काढेल. त्याने विचारलं, कधीपासून.

माती उचलायचं मशीन, लोडर, त्यांच्याकडे आहे. पावसात त्यांचं वरचं काम बंद असतं, तेव्हा मशीन आणि दोन ट्रक उभेच असतात. मालकाला मी बघतो, म्हणाला. मग मी विचारलं, काढलेली माती टाकणार कुठे.

"खालच्या अंगाला एक प्लॉट आहे. ते लोक मागतायत."

"नदीकाठी?"

"हो."

"मग नको. दुसऱ्याच्या दारात पाणी पाठवायचं नाही. वर ने."

चांदिवलीकडे एक बंद पडलेली दगडाची खाण आहे, खड्डा केवढा तरी मोठा आहे, पण चढ आहे आणि लांब पडतं, म्हणाला. मी म्हटलं, तरी तिकडेच. तो म्हणाला, बरं, तिकडे नेतो.

माणूस चांगला आहे. त्याला एवढा उपद्व्याप करायची काय गरज होती कोण जाणे.

१५ ऑगस्ट

झेंडावंदन करून कामाला लागलो. मशीन मोठा भाग उचलतं, पण कडेचं आणि दगडांमधलं हातानेच काढावं लागतं. मुली, खालची चाळ, आमची चाळ, कारखान्यातल्या माझ्या पाळीच्या बायका, सगळ्यांच्या हातात घमेली. उत्तराने ओळ लावली तशी घमेली भराभर पुढे जायला लागली. पहिला फावडा मी मारला तो मध्यरेषेवर. एवढी घट्ट केली होती की फावडा उडून परत आला. मुली हसल्या, मीही हसले. मग दुसरा मारला.

दुपारी पाऊस आला, कोणी थांबलं नाही.

२५ ऑगस्ट, रविवार

नदीकडची अर्धी बाजू खाली गेली. काठही उतरता केला, म्हणजे पाण्याला आत यायला सोपं. तिथे आता पुन्हा खाचर दिसतं, ओबडधोबड, लाल. माझ्या हातांना घट्टे पडलेत. आरशात बघितलं तर खेळायच्या दिवसांत असायचे तसे खांदे दिसतात.

नंदकुमारच्या मालकाला कळलं. तो फार बोलला म्हणे. नोकरी राहिली, पण मशीन आता दिवाळीनंतर. मी म्हटलं, तुला माझ्यामुळे ऐकून घ्यावं लागलं. तर म्हणाला, तुमच्यामुळे ऐकायला काही वाटत नाही. सरळ माणूस आहे. आईने त्याला जेवायलाच बसवलं आणि गाव कुठलं, भावंडं किती, सगळं विचारत बसली. भरावाच्या माणसाच्या भावंडांशी आईला काय करायचंय, मला कळत नाही.

२४ सप्टेंबर

गणपतीच्या दिवसांत असा पाऊस बऱ्याच वर्षांत बघितला नव्हता. दुपारी धावत गेले. पाणी काठावरून आमच्या अर्ध्या मैदानात आलं, पसरलं, भरलं. आणि मग उरलेलं पुढे गेलंच. खालच्या चाळीच्या गल्लीत पोटरीएवढं. नदीकडच्या शेवटच्या रांगेतल्या घरांत शिरलं. चंपाच्या घराच्या उंबऱ्याला लागून थांबलं. भिंत आम्ही नवी बांधली आहे, ती टिकली.

लोक मला चांगलं म्हणत होते. मला मात्र शेवटची रांग दिसत होती. अर्ध्याने भागत नाही. दुसरी बाजूही काढायचीच.

८ डिसेंबर, रविवार

स्पर्धा मुलुंडला झाली. दुसऱ्यांचं मैदान, दुसऱ्यांचे दिवे, दुसऱ्यांचं भाषण. आमचा सराव दोन महिने एका शाळेच्या आवारात झाला, फरशीवर, मुलींचे गुडघे सोलून निघाले.

उपांत्य सामन्यात शेवटची चढाई, आम्ही एका गुणाने मागे. चंपा गेली. समोर पाचजणी. त्यांची साखळी तिला घेरायला आली तेव्हा ती मागे आलीच नाही, उलट आत घुसली, कोपऱ्यातल्या दोघींना शिवली आणि मधून निघाली. माझ्या घशातून आवाज आला तो मलाच ओळखू आला नाही. अंतिम सामना हरलो. चांगल्या संघाकडून हरलो. जिल्ह्याच्या निवड समितीतल्या बाई चंपाचं नाव, वय लिहून घेऊन गेल्या.

अंजनाबाईचा हात पूर्ण वर जात नाही. तरी दोन्ही हातांनी टाळ्या वाजवत होती.

नंदकुमारही दिसला गर्दीत. मुलुंडला काम होतं म्हणाला. रविवारी कसलं काम असतं.

२ फेब्रुवारी १९८६, रविवार

दुसऱ्या बाजूचं काम सुरू केलं. मशीन आलं, सकाळी घमेली घेऊन माणसं आली. सावलीला चहा ठेवायला गेले तर ओळीत विद्याधर उभा. इस्त्रीची पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली. ऑगस्टपासून तो माझ्याशी बोलला नव्हता. मी त्याच्या हातात भरलेलं घमेलं दिलं. त्याने ते पुढे दिलं आणि रिकामं मागे सोडलं. दुपारपर्यंत शेजारी होतो.

निघताना म्हणाला की वरच्या अंगाला एका मंडळालाही कोणी फुकट मुरूम देऊ केलाय, ते लोक विचारत होते कसं काय करायचं. मी म्हटलं, त्यांना इथे घेऊन ये, बघू देत.

१३ जुलै १९८६, रविवार

सकाळी जाग आली तीच पावसाच्या आवाजाने. चुलीवर भाकरी टाकून तशीच निघाले. खालच्या चाळीच्या टोकाला पोचले तर तिथे आधीच सगळे उभे. बायका, पुरुष, गोणपाटाची खोळ घेतलेल्या म्हाताऱ्या. चंपा होती. ती आता जिल्ह्याकडून खेळते, कालच रात्री गाडीने परत आली होती. नंदकुमार होता. छत्री माझ्या डोक्यावर धरून स्वतः भिजत उभा राहिला. मी दोनदा सांगितलं की मला भिजायची सवय आहे. आई उगाच पदर तोंडाला लावून हसत होती.

नदी वरून येत होती. लाल, जोरात, पवईपासून कुठेही न थांबलेली. लाकडं, पत्रे, एक अख्खं केळीचं झाड. पाणी काठाच्या बरोबरीला आलं. वळणापाशी, चाळीच्या पायरीच्या खाली दोन वीत राहिलं, एक वीत राहिलं. अंजनाबाईने माझं मनगट धरलं.

मग मैदानाच्या उतरत्या काठावरून एक पातळ धार आत सरकली. तिच्या मागून रुंद पाणी. बघता बघता नदी आमच्या मैदानात शिरली, आखलेल्या रेषांवरून गेली, या टोकापासून त्या टोकापर्यंत पसरली आणि तिचा जोर गेला. फेस गोल फिरत राहिला. वळणावरचं पाणी पायरीशी थांबलं ते तिथेच राहिलं.

आधी चंपाने टाळी वाजवली, मैदानात कोणी चांगली चढाई केली की वाजवतो तशी. मग वनमालाने. मग चाळीतल्या सगळ्या बाया पावसात उभ्या राहून नदीला टाळ्या वाजवायला लागल्या. विद्याधरही वाजवत होता. मीही.

शेवटच्या रांगेत दोन घरांत पाणी गेलंच. टेकडी अजून कापतायत, वर अजून भराव पडतोय. आमच्या एका मैदानात सगळी नदी मावणार नाही. तिकडे वर जाऊन बोलायचंय, माणसं गोळा केली आहेत.

मैदानात आता छातीएवढं पाणी आहे. पाऊस सरेपर्यंत तिथे सराव नाही. मुलींना सांगितलंय, उद्यापासून सकाळी सहाला आमच्या चाळीच्या गॅलरीत, दोरीच्या उड्या. उशीर झाला तर दुप्पट.